पहिली लाट उंच झाली तेव्हा

पिठाच्या गिरणीपासून घरापर्यंत बायको दोनदा थांबते, हे माझ्या लक्षात आलं ते थंडी सरता सरता. दळणाचा डबा माझ्याच हातात होता, ती मोकळ्या हातानं मागून येत होती. आधी रसवंतीच्या बाकाजवळ थांबली, मग नालीवरच्या फरशीपाशी. मी वळून बघितलं तर एक हात कमरेवर, तोंड अर्धवट उघडं आणि नजर खाली. "काय झालं?" म्हणालो. "काय न्हाई, चला तुमी," म्हणाली आणि पदर सारखा करून चालायला लागली.

मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. कोण कुठं चढलं, कोण कुठं उतरलं, हे ध्यानात ठेवायची सवय निवृत्तीनंतरही जात नाही. त्या दिवसापासून मी तिचे थांबे मोजू लागलो, तिला न सांगता. होळीपर्यंत दोनाचे तीन झाले. गच्चीवर वाळवण घालायला जाताना मधल्या पायरीवर आणखी एक. रात्री तिच्या उशाला एक उशी असायची, तिथं दोन आल्या. मला धास्ती बसली होती. पण माझं असं आहे की भीती वाटली की मला राग येतो, आणि समोरच्याला फक्त रागच दिसतो. ही खोड जुनी आहे, आणि केजच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यातच लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. लेक पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, ते ठरलेलंच असतं. सातव्या महिन्यात ती येणार होती. एके दिवशी मी जेवत होतो, आणि बायको वाढता वाढता म्हणाली, "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तिला तिकडंच राहू द्या." माझा घास हातातच राहिला. हिनं माझ्या दोन बहिणींची बाळंतपणं केली, शेजारणीची केली, पहाटे उठून पाणी तापवलं, शेक-शेगडी केली, डिंकाचे लाडू वळले. आणि पोटच्या पोरीला नाही म्हणते? मी लेकीला फोनवर कसंबसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला मी नको असेन तर तसं सांगा ना, बाबा."

तेव्हा प्रश्न एवढाच होता. हिच्या छातीत काही बिघाड असेल तर ती आजारी होती. नसेल, तर ती स्वतःच्या लेकीला दार लावणारी आई ठरत होती. मधलं काही नव्हतं, आणि दोन्हींतलं कुठलं निघावं अशी इच्छा धरावी हे मला ठरवता येत नव्हतं.

पहिला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बीडला एका दवाखान्यात केला. तिथल्या डॉक्टरांनी कागद हातात दिला आणि म्हणाले, "पंपिंग साठ टक्के. एकदम छान."

"साठ?" मी दचकलो. "मग बाकीचे चाळीस कुठं गेले?"

ते हसले. कुणाचंच शंभर नसतं, साठ म्हणजे उत्तम, असं म्हणाले. कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, हृदय सैल व्हायला जरा वेळ घेतं अशा अर्थाची. तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे वयोमानानं असतंच. चाला, वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका."

परतीच्या बसमध्ये नेकनूर येईपर्यंत मी खुशीत होतो. नेकनूर गेलं आणि डोकं तापायला लागलं. "झालं समाधान?" मी तिला म्हणालो. "हृदय ठणठणीत हाय. आता पोरीला काय सांगू? तुझ्या आईला कंटाळा आलाय म्हणून?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी गेल्यावर मी 'नाटक' हा शब्द वापरला. आज तो लिहिताना हात अडतो, पण वापरला, आणि एकदा नाही.

त्यानंतर तिनं तक्रार बंद केली. लेकीला स्वतः फोन लावून "ये तू" म्हणाली. रस्त्यात थांबायची, पण आता बहाण्यानं. दुकानात टांगलेल्या बादल्या बघायची. चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं वाकायची, आणि वाकल्यामुळं धाप आणखी वाढायची. मी बघत होतो. दोन मनं झाली होती माझी. एक म्हणायचं, रिपोर्ट चांगला आहे, गप बस. दुसरं म्हणायचं, खोटं बोलणारी बाई दम लपवते कशाला? दुसऱ्याचं ऐकायला मी तयार नव्हतो, कारण ऐकलं तर मग फार भीती होती.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसलेली दिसली. हात कणकेनं भरलेले. मी विचारलं, तर उत्तर पुरं होईना. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द. तिला तसंच उठवून दवाखान्यात नेलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, ते वाढलं होतं. छाती तपासली. म्हणाले, इको परत करा, बीडला एक नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, त्या घाई न करता बघतात.

सकाळच्या बसनं निघालो. उन्हाळा चांगलाच पेटला होता. निघताना चहा ठेवू का विचारलं, तर बायको नको म्हणाली. मांजरसुंब्याला गाडी थांबली. मी उतरून चहा घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि खिडकीतून तिच्यापुढं धरली. तिनं मान हलवली. मी बाटली स्वतःच संपवली.

इकोची खोली छोटी, अंधारी आणि गार. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीएवढी असेल. बायकोला डाव्या कुशीवर निजवलं, छातीवर गार जेल लावलं आणि यंत्राची वायरला जोडलेली मूठ फासळ्यांत दाबून धरली. "काका, तुम्ही बसा इथंच," म्हणाली. मी पडद्याकडं बघत बसलो. मला कळत काहीच नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"पंपिंग किती?"

"सगळे हेच विचारतात," ती म्हणाली, नजर पडद्यावरच. "पंपिंग म्हणजे रक्त बाहेर ढकलणं. ते चांगलंय मावशींचं. पण बाहेर ढकलायला आधी आत यायला हवं ना? हृदय आवळतं, मग सैल होतं. सैल होताना भरतं. मी ते सैल होणं बघतेय."

हे मला पटकन कळलं. गाडी रिकामी होण्यामुळं मी कधी लेट झालो नाही. लेट झालो तो माणसं चढण्यामुळं.

पडद्यावर एकेका ठोक्याला दोन लाटा उमटत होत्या. तिनं मला दाखवल्या. पहिली लाट हृदय सैल होताच रक्त आपोआप आत येतं त्याची. दुसरी, वरचा कप्पा शेवटी एक धक्का देतो त्याची. तरुण माणसाची पहिली उंच असते. वय झालं की पहिली बुटकी होते आणि दुसरी उंच. बायकोची पहिली बुटकी होती.

"वयोमानानं," मीच म्हणून टाकलं.

"एवढंच बघितलं तर तसंच म्हणावं लागेल," ती म्हणाली.

बायकोचं तोंड भिंतीकडं होतं. तिनं ते ऐकलं असणार, कारण तिचा खांदा जरा खाली गेला. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. आता पुन्हा काही सापडणार नाही, पुन्हा बसमध्ये तेच होणार, मी तेच बोलणार, आणि ही पुन्हा खिडकीबाहेर बघणार. मला माझीच भीती वाटली.

पण डॉक्टरीणबाईनं हात उचलला नाही. ती मोजत राहिली. मग स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "वरचा कप्पा मोठा झालाय. आतला दाब वरचेवर वाढल्याशिवाय तो असा ताणत नाही. आणि आत्ता तर दाब ठीक दिसतोय. जुळत नाहीये." तिनं दिवा लावला. "मावशी, जीभ दाखवा बरं."

जीभ कोरडी ठणठणीत होती.

"पाणी कधी प्यायलात?"

बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "काल."

"काल कधी?"

"दिवे लागायच्या टायमाला."

"कावून?" माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं.

"बसनी यायचं व्हतं ना," ती म्हणाली. मला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "बसनी यायचं म्हणल्यावर पाणी कसं प्यावं? मधी उतरायचं कुठं बाईमाणसानं?"

"मागच्या इकोलाबी असंच आलतीस?"

"तवाबी. कायमच. लग्न झाल्यापून."

मी बत्तीस वर्षं गाडीत उभा होतो. शेकडो बायका लेकराच्या तोंडाला बाटली लावताना बघितल्या, आणि झाकण घट्ट लावून ती पिशवीत परत ठेवताना बघितल्या. मला वाटायचं, बायकांना तहान कमी लागते. खरंच तसं वाटायचं, हसू नका. गेवराईच्या रूटवर एकदा एक म्हातारी जागेवरून उठून माझ्यापर्यंत आली आणि कानाशी लागून म्हणाली, जरा थांबवता का. मी म्हणालो, "स्टँड आल्यावर बघा, आजी." ड्रायव्हर हसला, मीही हसलो. स्टँड पाऊण तासावर होतं. त्या म्हातारीचा चेहरा मला त्या अंधाऱ्या खोलीत स्पष्ट आठवला, आणि लाज वाटली.

डॉक्टरीणबाई मात्र चिडली नाही, उलट तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, अंग असं सुकलेलं असलं की हृदयाकडं रक्तच कमी येतं, आतला दाब कमी दिसतो, आणि यंत्राला सगळं ठीक वाटतं. "घरी रोजच्यासारखं पाणी पिऊन, रोजची कामं करताना जे होतं, ते ह्या अशा तपासणीत दिसणारच नाही. दोन ग्लास पाणी प्या. तासाभरानं परत बघू."

बायकोनं पाण्याला हात लावला नाही. आधी विचारलं, "मोरी कुठशीक हाय?" डॉक्टरीणबाईनं समोरचं दार दाखवलं. तेव्हा कुठं ती प्यायली, दोन्ही ग्लास, मधे न थांबता.

तो तास मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत काढला. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांच्या हातात तसलेच कागद होते. प्रत्येकाला पंपिंगचा आकडा विचारावा असं वाटत होतं. बायको भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर. मला बघून म्हणाली, "बसा की जरा. तुमचंच काळीज बघायची वेळ यील." मी बसलो, पण पाय हलतच राहिला.

पुन्हा आत गेलो. ह्या वेळी तिला उताणं निजवलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता पाय सरळ वर धरायचे. पायांतलं रक्त हृदयाकडं येईल, त्याच्यावर जरा भार पडेल, घरी काम करताना पडतो तसा. सिस्टर जेवायला गेलीय. काका, तुम्ही धरा."

बायको ताडकन उठून बसली. "न्हाई न्हाई. त्यांच्या हातात पाय? मी उचलते की माझी मी."

"तुम्ही अंग सैल सोडायला हवं, मावशी. तुम्हीच उचललेत तर माझं माप चुकेल."

"मग सिस्टरची वाट बघू. मला घाई न्हाई. लोक काय म्हणतील?"

"इथं लोक कुठंयत?" मी म्हणालो आणि तिच्या टाचा धरल्या.

छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिचे पाय हातात घेतले नव्हते. सणासुदीला ती माझ्या पाया पडते, उलटं आमच्याकडं होत नाही. पाय जड होते, सुजलेले. घोट्याशी माझी बोटं लागली तिथं खळगे पडले आणि ते लवकर भरेनात. जोडवी मांसात रुतली होती. एकाच्या भोवती दोरा गुंडाळलेला होता, ते काढायचा प्रयत्न करून सोडून दिला असावा. हे केव्हापासून असेल? रोज सकाळी हेच पाय माझ्यापुढून चहा घेऊन येत होते. तिनं पदर ओढून तोंडावर घेतला होता, लाजेनं.

डॉक्टरीणबाईनं मूठ टेकवली. पडद्यावर पुन्हा त्या लाटा. एक, दोन, पाच ठोके गेले, आणि पहिली लाट वाढायला लागली. खरोखर वाढली, माझ्या डोळ्यांदेखत. दुसरीच्या बरोबरीला आली आणि तिच्याही वर गेली. तरुण माणसाची असते तशी.

"वाढली!" मी ओरडलोच. "मॅडम, पहिली वाढली! सुधारलं ना?"

तिनं मूठ आणखी घट्ट दाबली. "धरून ठेवा, हलवू नका," एवढंच म्हणाली. मग एक बटण दाबलं आणि पडद्यावर दुसरंच चित्र आलं, हृदयाच्या भिंतीच्या स्वतःच्या हालचालीचं. त्यात बुटक्या, सुस्त लाटा होत्या. तिनं त्या तीनदा मोजल्या. माझे दंड भरून आले. पदराखालून बायको म्हणाली, "दम... लागतोय," आणि डॉक्टरीणबाई लगेच म्हणाली, "सोडा, काका. हळू." तिनं खाटेची उशाकडची बाजू वर केली आणि बायकोची धाप बसेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग तिनं मला सांगितलं. पहिली लाट वाढली ती हृदय जास्त सैल झालं म्हणून नाही. भिंतीचा वेग आधी होता तेवढाच, मंद. रक्त जोरात आत घुसलं, कारण मागून दाब वाढला. "चित्र तरुण हृदयासारखं दिसतं, पण ते खोटं असतं. हाच दाब मागं फुफ्फुसांवर येतो, म्हणून धाप लागते."

मी मान हलवली. बसच्या दारात हे मी रोज बघितलं होतं. दार तेवढंच असतं, मागून रेटा आला की माणसं भराभरा आत येतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय छान चढतायत. मिनिटापूर्वी मी तो रेटा बघून खूश झालो होतो, तिचे पाय हातात धरून.

"मावशी खरं सांगत होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाली.

बायकोनं तोंडावरचा पदर काढला. "म्हंजी हाय?"

"आहे, मावशी. हृदय कडक झालंय, भरताना त्याला त्रास होतो."

"हाय ना? कामाचा कंटाळा न्हाई ना?"

डॉक्टरीणबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. "कंटाळ्यानं हृदयाचा कप्पा मोठा होत नाही," ती म्हणाली.

बायको हसली. चांगली तोंड भरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. छातीवर जेल तसंच होतं. आपल्याला हृदयाचा आजार आहे हे ऐकून कुणी असं सुटल्यासारखं हसताना मी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची माझी हिंमत नाही.

लघवीवाटे जादा पाणी काढणारी गोळी दिली, ब्लडप्रेशरची बदलून दिली. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, ओझं उचलायचं नाही, रोज सकाळी वजन बघायचं, आणि पाणी असं दिवसदिवस तोडायचं नाही. मी विचारलं, "धोका किती?" ती म्हणाली, "लक्ष ठेवलंत तर चांगलं राहता येतं, काका. पण लक्ष ठेवायला लागेल." आकडा दिला नाही. मला आकडा हवा होता. अजूनही रोज सकाळी बायको वजनकाट्यावर उभी राहिली की तिच्याआधी मी वाकून आकडा बघतो.

बाहेर बाकावर बसल्या बसल्या बायकोनं लेकीला फोन लावला. "अगं, हाय," ती म्हणाली. "आजार हाय मला, काळजाचा. डॉक्टरीणबाईनं नीट बघितलंय. तुझे बाबा सोता बघत व्हते. मी तुला उगंच नको म्हणत नव्हते गं." एखाद्या बाईनं पोराचा निकाल सांगावा तसा तिचा आवाज लागला होता. पलीकडं लेक रडत होती, ते मला बाकावर ऐकू येत होतं, आणि ही तिलाच समजावत होती, "रडू नको, तुझ्या पोटात लेकरू हाय."

मी फोन घेतला आणि उठून व्हरांड्याच्या टोकाला गेलो. "ती आधीपासून खरं बोलत होती," मी लेकीला म्हणालो. "मी तिला नाटक म्हणालो. चार-पाच वेळा म्हणालो. चूक माझी झाली."

लेकीनं नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हे मला नका सांगू, बाबा. तिला सांगा."

मी परत येऊन बायकोशेजारी बसलो. तिनं तोंड पुसलं होतं, गोळ्यांची पिशवी मांडीवर धरली होती.

"काय म्हणली?" तिनं विचारलं.

"जिवाला जप म्हणली," मी सांगितलं.